दहाव्या कपाचा हिशेब: गोव्यातल्या छोट्या दुकानाला मोबाईलवरचे पॉइंट परवडतात का?

कॅफेवाला, पणजी
माझे मत सरळ आहे. ज्याचे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक गावातलेच आहे, त्याने अ‍ॅप घेऊन गिऱ्हाइकाच्या मोबाईल नंबरवर शिक्के ठेवायला हवेत (दर खरेदीला एक शिक्का, ठरलेले शिक्के भरले की एक वस्तू फुकट), आणि सुरुवात पावसाळ्यात करायला हवी. तेव्हा पर्यटक कमी असतात आणि काउंटरवरच्या पोराला नवीन पद्धत शिकायला वेळ मिळतो.

मांडणी अशी: टक्केवारीचे पॉइंट नकोत, एकाच वस्तूचे शिक्के हवेत. कॉफी 40 रुपयांची, दूध-पूड-साखर-कप मिळून खर्च 14. नऊ कपांवर सुटतात 234 रुपये, दहावा फुकट दिला की जातात 14. म्हणजे कमाईतले 6 टक्के. कार्ड दहा घरांचे, पण पहिली दोन घरे आधीच भरलेली द्यायची आणि मुदत 90 दिवस ठेवायची. तेव्हा फुकट कप आठ कपांनंतरच जातो. हिशेब 208 वर 14 असा धरा. 2006 साली नुनेस आणि ड्रेझ या संशोधकांनी गाड्या धुण्याच्या केंद्रावर हेच तपासले होते. आठ घरांचे कोरे कार्ड 19 टक्के लोकांनी पुरे केले. दहा घरांचे, दोन शिक्के आधीच मारलेले कार्ड 34 टक्क्यांनी. धुवायच्या खेपा दोन्हीकडे आठच.

पसरकार, म्हापसा
कॉफीचा हिशेब आम्हा पसरकारांच्या किराण्याला लावू नका. 100 रुपये छापील किमतीचा पुडा आम्हाला 90 ला पडतो. नऊ पुड्यांवर सुटले 90, दहावा फुकट दिला तो 90 चा. शिल्लक शून्य, आणि अ‍ॅपचे भाडे खिशातून. एक टक्का पॉइंट दिले तरी नफ्याचा दहावा हिस्सा गेला, तोही बहुतेक त्यांनाच जे तसेही आमच्याकडेच येणार होते. शेजारी दुसरे दुकान नाही, म्हणून ते येतात. त्यांना निष्ठेचे बक्षीस कशाला?

आणि तुम्ही दिलेला तो प्रयोग कागदी कार्डांवर झाला होता, बाब. त्याने शिक्क्याची बाजू मांडली, अ‍ॅपची नव्हे. शंभर कार्डे छापा, शिक्का कोपऱ्यावरच्या दुकानातून करून घ्या, काम संपले.

हिशेबनीस, फोंडा
दोघांनीही बिलाची बाजू सोडली. पॉइंट वापरले की ते बिलावर ‘सूट’ म्हणून दिसले पाहिजेत. बरीच सॉफ्टवेअर ते रोख किंवा यूपीआयसारखे ‘पैसे भरण्याचा प्रकार’ म्हणून धरतात. मग 500 च्या बिलात 50 चे पॉइंट गेले तरी जीएसटी 500 वरच मोजला जातो. विक्रीच्या वेळीच दिलेली आणि बिलात लिहिलेली सूट किमतीतून वजा होते, हे जीएसटी कायद्याच्या कलम 15 मध्ये आहे. जीएसटीच्या ‘कंपोझिशन’ या सोप्या योजनेतल्या खानावळीला तर उलाढालीवरचा 5 टक्के कर स्वतःच्या पदरचा भरावा लागतो, तिने हे आधी तपासावे.

दुसरे, न वापरलेले पॉइंट हे दुकानाचे देणे असते. लोक ते साठवतात आणि चतुर्थीच्या आठवड्यात एकदम काढतात, नेमके तेव्हाच जेव्हा तुमचा पैसा मालात अडकलेला असतो. एका बिलात पॉइंटनी जास्तीत जास्त 20 टक्के, ही मर्यादा पहिल्या दिवसापासून घाला. मागाहून घातली तर भांडण.

कॅफेवाला, पणजी
किराण्याचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. पूर्ण बिलावर द्याच कशाला? आमसुले, घरचा मसाला, सुटे काजू, जिथे फरक जास्त सुटतो तिथेच शिक्का. तेल, साखर, दूध वगळा. आणि कागद एक गोष्ट सांगत नाही: कोण यायचे थांबले. आठवड्याला दोनदा येणारा 21 दिवस दिसला नाही, अशी यादी फक्त नंबरांतूनच निघते. माझ्या लेखी अ‍ॅपची किंमत त्या यादीसाठी आहे. फुकट कप हे निमित्त.

काउंटर सांभाळणारी, मडगाव
यादी खरी असेल तर! गिऱ्हाईक नंबर देत नाही, तेव्हा काउंटरवरचा माणूस स्वतःचा किंवा भावाचा नंबर टाकतो. महिन्यात त्याची पाच कार्डे भरतात आणि तुमच्या यादीत ‘सर्वांत निष्ठावान’ तोच. उपाय साधे आहेत: एका नंबरला दिवसाला एकच शिक्का आणि दर सोमवारी सर्वाधिक शिक्क्यांचे दहा नंबर मालकाने स्वतः पाहणे.

ओटीपी प्रत्येक शिक्क्याला मागू नका. दुपारी एक ते दोन, फिश थाळीच्या गर्दीत रांग दारापर्यंत जाते आणि कोणीतरी ‘राहू दे’ म्हणून निघून जातो. बक्षीस देताना मात्र ओटीपी हवाच. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि नवा धनी जुन्याचे पॉइंट खाऊन जातो.

पसरकार, म्हापसा
म्हणजे एक पुडा वाचवायला पहारा ठेवायचा. त्यावर कायदाही आला. नंबर दिल्याशिवाय विक्री नाही असे करू नका, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावले आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले; बहुतेक जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होतात. अ‍ॅपवाल्याकडून यादी फुटली तरी गिऱ्हाइकाला जबाबदार दुकानदारच.

एसएमएसचेही ऐका. डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर नाव, हेडर (संदेशावर दिसणारे पाठवणाऱ्याचे छोटे नाव), मजकूर नोंदवल्याशिवाय तो जात नाही. मराठीत लिहिलात तर 70 अक्षरांत एक संदेश संपतो, रोमी लिपीत 160. ‘चतुर्थीच्या शुभेच्छा’ लांबवल्या की दुप्पट पैसे.

कॅफेवाला, पणजी
एसएमएस पाठवतो कोण? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आहे. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच संदेश अनेकांना पाठवण्याच्या, एका यादीत 256 नंबर, छोट्या दुकानाला पुष्कळ.

काउंटर सांभाळणारी, मडगाव
पण तो संदेश फक्त त्यालाच पोचतो ज्याने दुकानाचा नंबर फोनमध्ये साठवला आहे. म्हणून काउंटरवर क्यूआर लावा, त्याने गप्पांची खिडकी उघडते. ‘नंबर सेव्ह करा, पहिला शिक्का आमचा’ असे खाली मराठी-कोंकणीत लिहा. नाहीतर 256 पैकी ज्यांनी नंबर साठवला नाही, त्यांना तो पोचतच नाही.

बेकरीवाला, सासष्टी
पोदेराला, म्हणजे दारोदार पाव देणाऱ्याला, यातले काहीच लागत नाही. सकाळी भोंपू वाजतो, पाव दारात पडतो, महिन्याचे खाते वहीत. नंबर, घर, किती पाव, कोण गावाला गेले, सगळे त्याच्याकडे आहे.

हिशेबनीस, फोंडा
वहीवर भरवसा असेल तर तीच ठेवा. अ‍ॅप घेणाऱ्याने मात्र सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: नंबर, शिक्के आणि शेवटची खरेदी ही पूर्ण यादी एक्सेलमध्ये कधीही काढता येईल का, आणि वर्गणी थांबवली तर ती किती दिवस उघडी राहील. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तर म्हापशाच्या पसरकाराची कागदी कार्डे छापून घ्या.

पसरकार, म्हापसा
छापा. पण कार्डावर मुदत छापायला विसरू नका. गेल्या सालची कार्डे घेऊन लोक यंदाही येतात.