मदत हवी आहे: कोयनाकाठच्या आरोग्य केंद्रात इंटर्नशिप

एमबीबीएस इंटर्नशिपमधले कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे आम्हा दोघींना तापोळा-बामणोली भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करायचेत, तेही पावसाळ्यातच. सर्पदंश तेव्हाच जास्त येतात. विषाचा रक्तावर परिणाम झालाय का हे कळण्यासाठी काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रुग्णाचं २ मिली रक्त २० मिनिटं न हलवता ठेवून गोठतंय का बघणं प्रत्यक्ष शिकायचंय (नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली की निकाल चुकतो).

अडलंय पत्रावर. कॉलेज म्हणतं आधी संमती आणा, तिकडे म्हणतात आधी कॉलेजचं पत्र. विद्यावेतनाचा प्रश्न नाही. पण राहायला क्वार्टर हवंच, साताऱ्याहून रोज ये-जा पावसात जमणार नाही. लॉगबुकवर सही करायला मेडिकल ऑफिसरही मुक्कामी हवेत.

संमती नेमकी कोण देतं, तालुका आरोग्य अधिकारी की जिल्हा आरोग्य अधिकारी? अर्जासोबत काय जोडायचं? आणि मुलींच्या राहण्याची सोय सध्या कुठल्या केंद्रात आहे?