जुनी क्वाड बाइक घ्यावी का? ऑस्ट्रेलियाचा नियम आणि फवारणीची टाकी

रानवाट
व्हिक्टोरियात १२ एकर उताराचं रान आहे. नव्या क्वाड बाइकना (शेतावरच्या चारचाकी, उघड्या मोटरसायकली) मागे उलटल्यावर स्वाराला वाचवणारी कमान असते, हँडलला किती अंश कलल्यावर गाडी उलटते ते सांगणारा टॅग असतो. शेजारी २०१७ची गाडी स्वस्तात विकतायत, तिला दोन्ही नाही. ही विक्री कायदेशीर आहे का? आणि १०० लिटरची टाकी मागच्या रॅकवर चालेल?

सह्याद्री_६१
विक्री कायदेशीर आहे. २०१९चं सुरक्षा मानक नव्या गाड्यांना आणि परदेशातून आणलेल्या जुन्या गाड्यांना लागू होतं. ११ ऑक्टोबर २०२० पासून टॅग आणि उलटण्याच्या धोक्याचं लेबल सक्तीचं झालं. वर्षभराने, ११ ऑक्टोबर २०२१ पासून, कामाच्या गाड्यांना कमान आणि किमान स्थिरताही. देशातच आधी विकलेली गाडी यातून सुटते. कामाला माणूस ठेवणार असाल तर मात्र कामाच्या जागेच्या सुरक्षेचा कायदा तुम्हाला लागू होतो.

पण कमान बसवून घ्याच. ३०० किलोच्या आसपासची गाडी छातीवर पडली की माणूस श्वास कोंडून जातो, बाकी फारशी इजा नसतानाही. कमानीमुळे गाडी आणि जमीन यांत फट राहते. गाडीच्या मॉडेलसाठीचीच कमान घ्या, बोल्ट मधूनमधून तपासा. कमान आहे म्हणून सीटला पट्टा लावू नका. क्वाडवर स्वाराला अंग झुकवता आलं पाहिजे, गरज पडली तर बाजूला उतरताही.

मळेवाला
टाकीबद्दल: १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर टाकी आणि पंप वेगळे. रॅकवर भाराचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. मागच्या रॅकला इतकं सहसा झेपत नाही. अर्धी भरलेली टाकी जास्त घातक, कारण वळताना पाणी उताराच्या बाजूला धावतं. चढावर हाच भार पुढची चाकं हलकी करतो आणि गाडी मागे उलटते. टाकी ट्रेलरवर घ्या, तीही ओढण्याच्या मर्यादेत.

टॅगवरचा कोन म्हणजे परवानगी नव्हे. नियमाची किमान मर्यादा आडव्या उतारासाठी सुमारे २८.८ अंश आहे, पण ती मोजतात सपाट, हळूहळू कलणाऱ्या टेबलावर. रानात वरच्या चाकाखाली दगड आला किंवा खालचं चाक खड्ड्यात गेलं की त्याच्या कितीतरी आधी गाडी कलंडते.

टायरची हवाही बघा. बऱ्याच क्वाडना ५ पीएसआयच्या आसपास लागते. कारचा गेज तिथे नीट दाखवत नाही, कमी दाबाचा वेगळा घ्या. एका बाजूला १-२ पीएसआय कमी असली तरी गाडी ओढते.

रानवाट
मुलगा १४ वर्षांचा आहे. मोकळ्या मैदानात चालवू दिली तर?

सह्याद्री_६१
नाही. मोठ्यांच्या गाडीवर १६ वर्षांखालच्यांसाठी मनाईचा इशारा असतो, तो गाडीच्या वजनासाठी आहे. झुकून तोल सांभाळायला लागणारं वजन त्याच्या अंगात अजून नसतं. दोघांनी एकत्र बसायचं असेल तर साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीट असलेली गाडी) बघा: पिंजरा, पट्टा, दाराची जाळी. तिथे मात्र पट्टा लावल्याशिवाय पिंजऱ्याचा उपयोग नाही.