खाऱ्या पाण्यातलं स्टेनलेस ‘गंजतं’ म्हणावं का?

किनारपट्टी: मासेमारी बोटींवरच्या स्टेनलेस फिटिंगचं माहितीपत्रक मराठीत करतोय. मूळ मजकुरात जागोजागी ‘कोरोजन रेझिस्टन्स वाढवणे’ आहे. ‘गंजरोधकता’ लिहिलं तर तांडेल (बोटीचे कप्तान) म्हणतात, स्टेनलेसला गंज कसला? ‘क्षरण’ लिहिलं तर कुणी पुढे वाचतच नाही. ‘पॅसिव्हेशन’ म्हणजे शेवटी ॲसिडने धुण्याची जी क्रिया असते, तिच्यासाठीही शब्द हवाय.

शब्दवेडी: गंज मुळात लोखंडाचा. तांब्या-पितळेवर जंगाल चढतं आणि त्यात ठेवलेलं ताक कळकतं. या सगळ्यांना मिळून ‘क्षरण’, दहावीच्या विज्ञानात हाच शब्द आहे. (आमच्या विदर्भात गंज म्हणजे पातेलं. स्टीलच्या गंजाला गंज चढत नाही, एवढं सांगते.)

फॅब्रिकेटर: चढतो हो ताई, मिठाचं पाणी भरून ठेवा. पण तांडेलांचंही चूक नाही. लोखंडासारखं सगळं अंग लाल होत नाही. स्टेनलेसमधल्या क्रोमियमचा ऑक्साइड पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. ओरखडा गेला तरी ऑक्सिजन मिळाला की थर पुन्हा धरतो. समुद्राच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, त्यात क्लोराइडच १९ ग्रॅमच्या आसपास. ते हा थर एखाद्या बिंदूवर फोडतं. आत आम्लता वाढत जाते आणि छिद्र खोल जातं, बाजूचा पत्रा मात्र चकचकीत. आम्ही ‘पिटिंग’ म्हणतो. दुसरी खोड फटीतली: वॉशरखाली, गॅस्केटखाली, चिकटलेल्या कालवांखाली. तिथे ऑक्सिजन पोचत नाही, मग थर सावरत नाही.

शब्दवेडी: मग पिटिंगला ‘किडणे’ का नको? किडक्या दातासारखंच आहे, वरून टिंब आणि आत पोकळ.

किनारपट्टी: ‘शाफ्ट किडला’ खलाशाला लगेच कळेल. घेतो. फटीतल्याला सरळ ‘फटीतलं क्षरण’. आता ‘वाढवणे’चं काय? वाढवतात म्हणजे नेमकं काय करतात?

फॅब्रिकेटर: आधी धातू बदलतात. स्टेनलेसच्या ३०४ या प्रतीऐवजी ३१६, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. डेकवरच्या रेलिंगला ते चालतं, गोड्या पाण्याने धूत राहिलं तर. कायम पाण्यात बुडालेल्या भागाला मी ३१६ सुचवणार नाही. कुठली प्रत पिटिंगला किती तोंड देईल हे जोखायला क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमचे ३.३ पट, अधिक नायट्रोजनचे १६ पट अशी बेरीज करतात. ३१६ची जेमतेम २५च्या आसपास येते, २२०५ डुप्लेक्स या वरच्या प्रतीची ३५ आणि समुद्राच्या पाण्यासाठी ४०च्या वर मागतात. तिथे २५०७ सुपर डुप्लेक्स लागतं. नाहीतर जस्ताचा ॲनोड जोडायचा, तो स्वतः झिजतो आणि स्टील वाचवतो.

मग काम. वेल्डिंगशेजारचा निळा-सोनेरी डाग पिकलिंग करून, म्हणजे तीव्र ॲसिडने खरवडून काढायचा, कारण त्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं. साध्या लोखंडाचा तारेचा ब्रश कधीच फिरवायचा नाही, त्याचे कण रुततात आणि तेच आधी लाल होतात. शेवटी नायट्रिक किंवा सायट्रिक ॲसिडचं पॅसिव्हेशन.

जुना_कोश: त्याला ‘निष्क्रियीकरण’ हा शब्द रूढ आहे.

किनारपट्टी: डेकवरचा माणूस समजेल की काहीतरी बंद पाडलं! ‘संरक्षक लेप देणे’ कसं वाटतं?

फॅब्रिकेटर: लेप नको. वरून काहीच लावत नाही. ॲसिड पृष्ठभागावरचे लोखंडाचे कण काढतं, थर धातू स्वतःच धरतो. लेप लिहिलंत तर गिऱ्हाईक विचारेल, निघाल्यावर परत कधी लावायचा?

जुना_कोश: मान्य. मग ‘थर धरवणे’? ‘दही विरजणे’इतकं सहज नाही, पण क्रिया बरोबर दाखवतं.

किनारपट्टी: ‘पॅसिव्हेशन’च ठेवतो आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘ॲसिडने धुऊन थर धरवणे’ असा खुलासा देतो. मथळा ‘खाऱ्या पाण्यात स्टेनलेसचा टिकाव कसा वाढवावा’.

शब्दवेडी: ‘टिकाव’ छान. पण ‘टिकाव वाढतो’ की ‘टिकाव लागतो’?

जुना_कोश: लागतो. वाढतो तो टिकाऊपणा.