छोटं दुकान मोबाइलवर सापडायलाच हवं, मग ते ऑनलाइन विकत असो वा नसो

नौपाड्याचा हिशेबनीस

जुन्या ठाण्यातल्या दुकानदारांचे आणि वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखानदारांचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रं हे माझं काम. त्यामुळे कुणाचा गल्ला कुठून येतो हे रोज डोळ्यांखालून जातं. बहुतेकांची तक्रार एकच असते: जुनं गिऱ्हाईक टिकून आहे, नवं येत नाही.

घोडबंदर रोडला मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत टॉवरमागे टॉवर उभे राहिले. तिथे राहायला आलेली माणसं मुलुंडहून, डोंबिवलीहून, सोलापूर-नाशिकहून आलेली आहेत. घड्याळ दुरुस्तीला कुठे द्यावं, नऊवारी कोण नीट शिवतं, हे सांगणारा जुना शेजारी त्यांना नाही. ती फोनवर शोधतात. तिथे तुमचं नाव नसेल तर गोखले रोडला तुमचं दुकान चाळीस वर्षं असलं तरी त्यांना ते कळायचा मार्ग नाही.

मी ऑनलाइन विक्री करा असं म्हणत नाही. जाहिरातींवर पैसे घाला असंही म्हणत नाही. खरं नाव, खरा पत्ता, चालू फोन नंबर, उघडण्या-बंद होण्याची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि दुकानाचे चार बरे फोटो, एवढं नकाशावर टाका. गूगलची ही व्यवसाय नोंद फुकट आहे. शोधात कोण वर दिसतं याचे तीन मुख्य निकष गूगल स्वतः सांगतं: विचारलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमचा बोलबाला किती आहे. यातलं अंतर छोट्या दुकानाच्या बाजूचं आहे. तलावपाळीवर उभं राहून शोधणाऱ्याला मॉलमधलं मोठं दुकान तुमच्यापेक्षा जवळ येऊ शकत नाही.

आणखी एक. दुकानाच्या पाटीवर मराठी ठळक हवी म्हणून २०२२ मध्ये कायदा बदलला आणि पाट्या बदलल्या. नकाशावर मात्र त्याच दुकानांची माहिती फक्त इंग्रजीत आहे. आज किती तरी माणसं, विशेषतः वयस्क, फोनला मराठीत बोलून विचारतात. निदान माहितीत तरी 'फराळाचं साहित्य', 'पितळी भांड्यांना कल्हई', 'चष्मा दुरुस्ती' असं मराठीत लिहा.

जांभळी नाका किराणा

साहेब, तुमचं सगळं बरोबर धरलं तरी माझा प्रश्न सुटत नाही. माझं गिऱ्हाईक पिढीजात आहे. महिन्याचं वाणसामान, वही, पगार झाला की हिशेब. फोनवर शोधून येणारा माणूस काय करतो ते मी पाहिलंय. तो फोन करून तूरडाळीचा भाव विचारतो, दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या अ‍ॅपवरचा भाव मला सांगतो आणि फोन ठेवतो. असे फोन घेत बसलो तर समोर उभ्या असलेल्या बाईला कोण तोलून देणार? आमच्याकडे गाडी लावायला जागा नाही, सणाच्या दिवसांत पायी चालायला जागा नाही. नव्या माणसाला बोलावून त्याला द्यायचं काय?

दुसरं, नंबर जगजाहीर केला की भामटे मागे लागतात. माझ्या साडूच्या हार्डवेअरच्या दुकानात फोन आला, 'लष्करी कॅम्पमधून बोलतोय, मोठी ऑर्डर आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.' त्याने स्कॅन केला, पिन टाकला, खात्यातले पैसे गेले. नंबर पाटीवरच राहिला असता तर हे झालं नसतं.

नौपाड्याचा हिशेबनीस

भामट्यांचं खरं आहे आणि दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा: यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. 'गूगलमधून बोलतोय, नोंद बंद होईल, पैसे भरा' असाही फोन येतो. नोंद ठेवायला गूगल पैसे घेत नाही, तेव्हा तो फोन सरळ ठेवून द्यायचा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन करा, पहिल्या तासाभरात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. दुकानासाठी वेगळं सिम घ्या, बँकेला जोडलेला नंबर कुठेही देऊ नका.

पण दादा, साडूंचा नंबर त्यांच्या बिलावरही छापलेला असणार. नंबर लपवून धंदा कसा होईल?

कासारवडवलीकर

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. मेट्रोच्या कामापासून घोडबंदरवरून स्टेशनकडे येणं हा अर्धा दिवसाचा बेत असतो. नौपाड्यातली काही दुकानं दुपारी बंद असतात, कुणाची सुट्टी सोमवारी, कुणाची गुरुवारी. सासूबाईंच्या श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांसाठी आम्ही रिक्षाने गेलो आणि शटर बंद. नकाशावर त्या दुकानापुढे वेळच दिलेली नव्हती. आता त्या बॅटऱ्या मी ऑनलाइन मागवते. मला त्या दुकानदाराकडूनच घ्यायच्या होत्या, कारण तो यंत्र साफ करून देतो. किराणावाले काका, तुम्हाला नवं गिऱ्हाईक नको असेल, पण जे यायला तयार आहे त्याला दुकान उघडं आहे की नाही एवढं तरी कळू द्या.

ऐरोलीची पोळीभाजी

मला या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट खटकते. सल्ला देणारे 'दुकान' धरून बोलतात. माझ्यासारख्या बायकांचं दुकान म्हणजे घराचं स्वयंपाकघर. नकाशावर पत्ता टाकायचा म्हणजे माझ्या घराचा टाकायचा. दुपारी घरात मी आणि शाळेतून आलेली मुलगी असते. अनोळखी माणूस विंगखाली येऊन बेल वाजवतो, मग सोसायटीत कुरबूर सुरू होते की निवासी जागेत धंदा चालतो. वॉचमन मला विचारतो, सेक्रेटरी मला विचारतात.

आणि गिऱ्हाईक वाढवून करू काय? दोन मदतनीस आहेत, पोळ्या लाटायला हात तेवढेच. आसपासच्या सेक्टरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री उद्याची भाजी टाकते, सकाळपर्यंत डबे ठरतात. एकदा एका पाहुण्याने कुठल्या तरी यादीत माझं नाव घातलं. घणसोलीहून, रबाळ्याहून फोन सुरू झाले. नाही म्हटलं की लोक रागावतात आणि न जेवताच एक तारा देतात. ज्याने माझी पोळी चाखली नाही त्याचं मत माझ्या नावाखाली कायमचं. हे मला मान्य नाही.

कोपरखैरणे छपाईवाला

ताई, पत्त्याचा मार्ग आहे. गूगलच्या नोंदीत पत्ता लपवून फक्त 'या भागात सेवा देतो' असं ठेवता येतं. ऐरोली आणि दिघा एवढंच लिहा, घराचा क्रमांक कुणाला दिसणार नाही. घरून काम करणाऱ्यांनी तेच करायचं असतं. न जेवता दिलेल्या ताऱ्याची तक्रार करता येते, पण तो काढतीलच याची खात्री नाही, हे मात्र तुमचं खरं.

व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप २०१८ पासून आहे, तेही फुकट. त्यात कामाची वेळ टाकता येते, वेळेबाहेर आलेल्या निरोपाला आपोआप उत्तर जातं, डब्यांचे प्रकार किमतीसह कॅटलॉगमध्ये राहतात. 'फक्त ऐरोली आणि दिघा' हे पहिल्याच उत्तरात गेलं तर घणसोलीवाला रागावणार नाही. त्यातच अन्नसुरक्षा नोंदणीचा तुमचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकही लिहून ठेवा, आईवडिलांसाठी डबा लावणारी मुलं तो बघतात.

ऐरोलीची पोळीभाजी

पत्ता लपवता येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. पाहते. पण जास्त दिसलं म्हणजे जास्त चांगलं, हे मी मानत नाही.

वाशी खानावळ

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे, आणि तो अनुभवातून आलाय.

तुम्ही सगळे नकाशापाशी थांबता, पण गाडी तिथे थांबत नाही. नकाशावर आलो, मग डिलिव्हरी अ‍ॅपवाल्यांचा माणूस दारात आला. पहिले महिने छान गेले. मग सवलतीत सहभागी व्हा, मग वर दिसायचं तर जाहिरातीचे पैसे वेगळे. समजा थाळी २०० रुपयांची आणि कमिशन २५ टक्के. ५० रुपये तिथेच गेले. त्यातून सवलतीचा माझा वाटा, डब्याचा खर्च, आणि 'भाजी सांडली' म्हणून परत केलेले पैसे. उरतं ते गॅस, भाजी आणि वाढप्याच्या पगारात जातं. बरं, दर वाढवले तर खानावळीत बसून जेवणारा विचारतो, अ‍ॅपवर एवढे का लावलेत?

सगळ्यांत वाईट म्हणजे जेवणारा कोण, हे मला कळत नाही. माझ्या हातचं जेवण महिनोन्‌महिने खाणाऱ्या माणसाचा नंबर माझ्याकडे नाही. उद्या त्यांनी मला यादीत खाली ढकललं तर मी त्याला निरोपसुद्धा देऊ शकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सवलतींना वैतागून देशभरातल्या रेस्टॉरंटवाल्यांनी अशा अ‍ॅपमधून बाहेर पडायची मोहीम काढली होती. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनच्या तक्रारीवरून एप्रिल २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने झोमॅटो आणि स्विगीच्या व्यवहारांची चौकशी करायला सांगितलं. म्हणजे हे एकट्या माझं रडगाणं नाही. मी त्या अ‍ॅपवरून बाहेर पडलो. आता एपीएमसीच्या घाऊक बाजारातले माथाडी, गाळ्यांवरचे मेहताजी, सेक्टर १७ मधल्या ऑफिसांतली मुलं, एवढ्यावर खानावळ चालते आणि रात्री गल्ल्यात काय आहे ते मला कळतं.

नौपाड्याचा हिशेबनीस

तुमचे आकडे मी इतर खानावळींच्या वह्यांतही बघतो, म्हणून त्यावर वाद घालत नाही. पण तुम्ही सांगितलंत तो धोका दिसण्याचा नाही, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या हवाली करण्याचा आहे. नकाशावरून आलेला माणूस थेट तुम्हाला फोन करतो, त्याचा नंबर तुमच्याकडे राहतो. मासिक जेवणाचे कूपन, रविवारचा मेनू त्याला तुम्ही स्वतः कळवू शकता. मी ज्याचा आग्रह धरतोय ते हे आहे.

घणसोली संगणक

मी वेबसाइट बनवतो, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने वाचा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद पडलं. ज्यांचा सगळा धंदा त्यावर होता त्यांची ती रात्र गेली. गूगल छोट्या व्यावसायिकांना फुकट वेबसाइट बनवून द्यायचं, मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. त्याच वर्षी जुलैअखेर नोंदीवरून गप्पा मारायची सोयही काढून टाकली. या सगळ्या भाड्याच्या जागा आहेत, मालक कधीही रिकामी करायला सांगतो. स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता हवा. देवनागरीतला '.भारत' पत्ता २०१४ पासून मिळतो, दुकानाचं नाव मराठीतच ठेवता येतं.

वाशीचा शिंपी

वेबसाइटचं नाव काढू नका. मला एकाने करून दिली. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचे पैसे दुप्पट मागितले. मी नको म्हटलं तेव्हा कळलं की माझ्या दुकानाच्या नावाचा पत्ता त्याने स्वतःच्या नावावर घेतलाय. त्या वेबसाइटवरून एकही ब्लाउज शिवायला आलं नाही. येतात ते इन्स्टाग्रामवर मुलीने टाकलेले मागच्या गळ्याचे फोटो बघून. जुईनगर, सानपाडा, नेरुळहून येतात, फोटो दाखवून म्हणतात असा गळा हवा. आमच्या धंद्यात लिहिलेलं कुणी वाचत नाही, शिवण दिसावी लागते.

घणसोली संगणक

काका, हे आमच्या धंद्यात होतं आणि ते चूकच आहे. पत्ता स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या नावाने, स्वतः पैसे भरून घ्यायचा. बनवणाऱ्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यायचा. तुमच्या कामाला मोठी वेबसाइट लागत नाही, हे मान्य.

वागळे इस्टेट वर्कशॉप

शिंप्याला फोटो पुरतात, आम्हाला लिहावंच लागतं. माझ्याकडे लेथ आणि मिलिंगचं जॉबवर्क चालतं. आमचं गिऱ्हाईक रस्त्यावरून जाता जाता येत नाही. ते चाकणहून, अंबरनाथहून, ठाणे-बेलापूरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातून येतं. त्याला हवं असतं: किती व्यासाचा, किती लांबीचा शाफ्ट घेता, कोणता धातू, किती मायक्रॉनपर्यंत अचूक, एक नग करता का शंभर लागतात. हे एका पानावर मराठी आणि इंग्रजीत लिहून, मशीनचे आणि तयार नगांचे फोटो घातल्यावर चौकशा बदलल्या. आधी 'रेट काय' एवढाच फोन यायचा, आता ड्रॉइंग येतं. ड्रॉइंग आलं की निम्मं काम झालं. एका लिस्टिंग पोर्टलला मी पैसे भरले होते, तिथे एकच चौकशी अनेक वर्कशॉपना जायची आणि सगळे भाव पाडत बसायचे. स्वतःच्या पानावरून आलेला माणूस माझं काम बघून येतो, म्हणून भावावर कमी घासतो.

ऐरोलीची पोळीभाजी

हिशेबनीस दादा, एक विचारायचं होतं. दिवाळीत चकली, अनारसे एखाद्या साइटवर विकायला ठेवले तर लगेच जीएसटी घ्यावा लागतो असं सगळ्या सांगतात. म्हणून आम्ही बचत गटातल्या बायका त्या वाटेला जातच नाही.

नौपाड्याचा हिशेबनीस

आधी तसंच होतं ताई. १ ऑक्टोबर २०२३ पासून बदललं. उलाढाल मर्यादेच्या आत असेल, म्हणजे मालासाठी महाराष्ट्रात ४० लाख, आणि माल फक्त राज्यातल्या राज्यात विकायचा असेल, तर साइटवर विकायला पूर्ण नोंदणी लागत नाही. जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. राज्याबाहेर पाठवायचं झालं तर मात्र या सवलतीतून बाहेर. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः ऑर्डर घेऊन स्वतः पोहोचवता, तो साधा आपला धंदा, मध्ये कोणी साइट नाही. बचत गटाचे कागद घेऊन कधीही या.

जांभळी नाका किराणा

कासारवडवलीच्या ताईंचं बंद शटरचं लागलं मनाला. वेळ आणि सुट्टी टाकतो. भाव टाकणार नाही, ते मार्केटप्रमाणे बदलतात, आणि उधारीची वही मोबाइलवर नेणार नाही. माझं मत तेच आहे की माझा धंदा नकाशावर चालत नाही. नोंद मुलगी करून देते म्हणाली, तिच्याच ईमेलवरून करू का?

नौपाड्याचा हिशेबनीस

नको. दुकानासाठी वेगळा ईमेल उघडा, मालक म्हणून तो ठेवा आणि मुलीला मॅनेजर म्हणून जोडा. पडताळणीला बहुतेक व्हिडिओ मागतील. त्यात रस्ता, पाटी आणि कुलूप उघडून आत जाताना तुम्ही, हे सगळं एका सलग चित्रणात हवं. सकाळी गर्दी व्हायच्या आधी करा.