अनुभव धागा: दाखल्यावरची जात, दाखल्याबाहेरची जात

नमस्कार. मी येरवड्यात राहतो आणि कामावर जाता-येता कारागृहाची दगडी भिंत मला रोज दिसते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी याच कारागृहात पुणे करार झाला. अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघांवर पाणी सोडून प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, एवढे आपल्याला शाळेत शिकवले जाते. त्याच करारात सरकारी नोकऱ्यांत अस्पृश्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे आणि प्रत्येक प्रांताने शिक्षणाच्या खर्चातून त्यांच्यासाठी पुरेशी रक्कम राखून ठेवावी, अशीही कलमे होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आरक्षणावर आपण सगळेच भरपूर बोलतो, पण बहुतेक वेळा ते ऐकीव माहितीवर असते. ‘आरक्षण दहाच वर्षांसाठी होते’ हे वाक्य मी कार्यालयात, लग्नात, रेल्वेच्या डब्यात इतक्या वेळा ऐकले आहे की ते मोजणे मी सोडून दिले. ती दहा वर्षांची मुदत राज्यघटनेच्या कलम ३३४ मधली असून ती लोकसभेच्या आणि विधानसभांच्या राखीव जागांपुरती आहे. ती वेळोवेळी वाढवत आता २०३० पर्यंत आली आहे. शिक्षणातील आणि नोकरीतील आरक्षणाला अशी मुदत घातलेलीच नाही.

म्हणून या धाग्यात मते नकोत, घडलेले हवे आहे. तुमची जात तुम्हाला कोणी, कोठे आणि कशी विचारली? आरक्षण घेतले असेल, घेतले नसेल किंवा त्यामुळे तुमची जागा हुकली असे तुम्हाला वाटत असेल, तर नेमके काय झाले? सर्व जातींच्या वाचकांनी लिहावे. कृपया व्यक्तींची आणि संस्थांची नावे लिहू नयेत.

सुरुवात मीच करतो. आम्ही नवबौद्ध. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. १९८९ साली मला अभियांत्रिकीला राखीव जागेवर प्रवेश मिळाला. आमच्या वर्गात हजेरीचे क्रमांक प्रवेशयादीच्या क्रमाने दिलेले होते, त्यामुळे साठ जणांच्या वर्गात शेवटचे आकडे आमचे असणार हे ठरलेलेच होते. हजेरी घेणाऱ्या सरांचा आवाज पन्नासच्या पुढे गेला की वर्गातल्या काही माना मागे वळत. कोणी काही बोलत नसे, पण माझा क्रमांक पुकारला गेला की माझी जात सगळ्या वर्गाला पुन्हा एकदा कळत असे.

पुस्तके समाजकल्याण खात्याच्या बुक बँक योजनेतून मिळत, दोन विद्यार्थ्यांमध्ये एक संच. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर निळा शिक्का असे. मी सगळ्या पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरे घातली आणि पहिले पान कव्हरच्या घडीत दुमडून टाकले. माझा जोडीदार दापोडीचा होता. पुस्तके माझ्याकडून त्याच्याकडे गेली, की तो ती पाने पुन्हा सरळ करून ठेवायचा. त्यावरून आमचे एकदा कडाक्याचे भांडणही झाले. ‘शिक्का लपवून कुणापासून लपवतोस?’ असे त्याने मला विचारले होते. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आज वाटते की त्याचे बरोबर होते, कारण ज्यांना कळायला हवे होते त्यांना ते हजेरीतून आधीच कळलेले होते.

• मंगळवार पेठ, शिक्षिका

माझी आई महापालिकेत झाडूवाली होती. वडील त्याच खात्यात होते आणि ते कामावर असतानाच गेले, तेव्हा सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाहक्काने आईला कामावर घेतले. पहाटे साडेपाचला उठून ती हजेरी कोठीवर जायची, सही करायची, आपला लांब दांड्याचा खराटा घ्यायची आणि पेठेतला ठरलेला रस्ता झाडायची. खराट्याचे फड ती स्वतः बांधायची. आमच्या घरात सुतळीचा एक गुंडा कायम खिळ्याला टांगलेला असे, कारण सैल बांधलेला खराटा मनगटाला लागतो, असे ती म्हणायची.

दादा हुशार होता. तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आईचे गुडघे गेले. तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली तर तिच्या जागी वारस लागू शकत होता. समोर कायमची नोकरी होती, निवृत्तिवेतन होते, डॉक्टरचा खर्च निघणार होता. दुसऱ्या बाजूला पदवीची शेवटची दोन वर्षे आणि त्यानंतर काय, हे सांगणारे घरात कोणीच नव्हते. आठ दिवस घरात कोणी धड जेवले नाही. शेवटी दादा स्वतःच अर्ज घेऊन आला. पहिल्या दिवशी त्याने टोपी अगदी डोळ्यांवर ओढून घेतली होती, कारण त्याचा रस्ता त्याच्या महाविद्यालयावरून जात होता.

मी राखीव जागेवर डी.एड. केले आणि शिक्षिका झाले. ‘तुम्हाला काय, सगळे आयतेच’ हे मी शिक्षकखोलीत कितीदा तरी ऐकले आहे. दादाने मात्र वीस वर्षांत हे एकदाही ऐकलेले नाही. त्याच्या कोठीवरचे जवळजवळ सगळे कामगार आमच्यातले, मातंग समाजातले किंवा मेहतर समाजातले आहेत. कोठीवरच्या जागा आपल्या मुलांना मिळत नाहीत, अशी तक्रार घेऊन आजवर तेथे कोणी आलेले नाही. आरक्षण न्याय्य आहे का, असे मला कोणी विचारले की मला आधी दादाची हजेरीवही आठवते.

• पौड रस्ता, संगणक अभियंता

माझा अनुभव लहान आहे. मी खासगी कंपनीत आहे. तेथे आरक्षण नाही, आणि प्रवेशही मी खुल्या गटातून घेतला होता. लग्नानंतर आम्ही भाड्याने घर शोधत होतो. एका मालकीणबाईंना आम्ही फार आवडलो. अनामत रक्कम ठरली, चहा झाला. मग त्यांनी ‘तुमचे आडनाव गावावरून पडले आहे ना, मूळचे कोण तुम्ही?’ असे विचारले. मी सरळ सांगितले. संध्याकाळी दूरध्वनी आला की त्यांचा भाचा अचानक पुण्यात राहायला येणार आहे. त्या वर्षी असे तीन भाचे पुण्यात आले. चौथ्या घरमालकांनी काहीही न विचारता किल्ली हातात दिली. त्यांच्या घरात आम्ही सहा वर्षे राहिलो, हेही लिहिणे माझे कर्तव्य आहे.

• सदाशिव पेठ, निवृत्त बँक अधिकारी

मी ब्राह्मण आहे आणि येथे लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार करत होतो. २००६ साली माझ्या मुलाला हव्या त्या शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही. त्याच्यापेक्षा कमी गुण असलेल्या एका अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला तो मिळाला, हे आम्ही यादीत डोळ्यांनी पाहिले. मुलगा रात्रभर रडत होता. त्याच्या रडण्यात काही खोटे नव्हते आणि माझा रागही खोटा नव्हता. त्यानंतर कित्येक वर्षे मी ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत असे.

पुढचा भाग मी कोणालाच सांगत नसे. आम्ही त्याला खासगी महाविद्यालयात व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश घेऊन दिला. त्यासाठी मी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. त्या कोट्यातल्या जागांना गुण फारसे लागत नव्हते, पैसे लागत होते. त्याच महाविद्यालयाच्या दारातून एखादा जास्त गुणांचा पण गरीब मुलगा परत गेला असेल, हा विचार त्या काळात माझ्या मनाला शिवलाही नाही. साठ जागांत तेरा टक्क्यांच्या हिशेबाने अनुसूचित जातींना सात-आठ जागा येतात. उरलेल्या पन्नासहून अधिक जागांवर आपल्या मुलाच्या पुढे कोण कोण होते, हे मी कधी मोजले नाही. त्या एका नावावरच माझे बोट थांबले होते.

माझ्या मुलाचे नुकसान झालेच नाही, असे मी आजही म्हणणार नाही. परंतु त्या नुकसानीचा हिशेब मी एकाच मुलाच्या नावावर का मांडला, याचे उत्तर मला स्वतःला द्यावे लागते.

• धागाकर्ता: काका, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. तो यादीतला मुलगा मी नव्हतो, पण तशाच एका यादीत माझे नाव होते. त्या नावाकडे घरोघरी कसे पाहिले जात असेल, हे मी अनेक वर्षे केवळ कल्पनेने जाणत होतो.

• लोहियानगर, संशोधक विद्यार्थी

आम्ही मातंग. १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे आमच्याच समाजातली आणि याच पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकलेली. तिच्यानंतर पाऊणशे-शंभर वर्षे लोटली तरी आमच्या घरात शाळा पोहोचलेली नव्हती. आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला आले. ते कधीच शाळेत गेले नव्हते आणि माझी खरी अडचण तेथूनच सुरू झाली.

जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. बहुतेक लोक आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा उतारा जोडतात. ज्यांच्या पूर्वजांना शाळेत बसूच दिले नाही, त्यांनी शाळेचा पुरावा कोठून आणायचा? मी तालुक्याला चार खेपा घातल्या. शेवटी कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, पणजोबांच्या एका मुलीच्या मृत्यूची नोंद सापडली. नोंद मोडीत होती, म्हणून मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडून ती उतरवून घ्यावी लागली. त्यांनी भिंग धरून एका शब्दावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, ‘हे बघ, मांग.’ जो शब्द शाळेत शिवीसारखा ऐकला होता, तो सापडला म्हणून मला आनंद झाला. ती मुलगी दोन वर्षांची होती. तिच्या मृत्यूच्या नोंदीमुळे माझा प्रवेश वाचला. घरात तिचे नावही कोणाला माहीत नव्हते.

दुसरी गोष्ट मी जरा धीर करून लिहितो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत, पण माझ्या विभागात राखीव जागेवर आलेल्यांत मातंग मी एकटाच होतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने उपवर्गीकरणाला, म्हणजे अनुसूचित जातींचे आरक्षण त्यांच्यातल्या गटांमध्ये विभागून देण्याला, मान्यता दिली, तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले. त्याच संध्याकाळी माझा वसतिगृहातला बौद्ध मित्र मला म्हणाला, ‘आपल्याला आपसात वाटून टाकणार, आणि तू पेढे खातोस?’ त्याची भीती मला समजते. माझी भूक त्याला समजावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

• धागाकर्ता: भावा, तुझे लिहिणे मी दोनदा वाचले. उपवर्गीकरणाने राखीव जागा रिकाम्या राहतील आणि नंतर त्या इतरत्र वळवल्या जातील, ही शंका माझ्या मनातून अजून गेलेली नाही. परंतु आमच्या पिढीच्या बौद्धांना वसतिगृहे, चळवळ आणि आधी शिकून पुढे गेलेली माणसे यांचा जो आधार मिळाला, तो तुमच्या वस्त्यांना तेवढा मिळाला नाही. हे आम्ही मोठ्याने म्हटले पाहिजे होते आणि आम्ही ते म्हटले नाही.

• सहकारनगर, डॉक्टर

मी आणि माझे यजमान दोघेही राखीव जागांवर शिकलो. आता आमची गाडी आहे, स्वतःचे घर आहे. मुलगी बारावीला असताना आमच्याच एका स्नेह्यांनी विचारले की तिने दाखला का वापरावा. प्रश्न योग्य होता आणि तो आम्ही टाळला नाही. घरात महिनाभर चर्चा झाली. खुल्या गटाइतके गुण मिळाले तर राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याची निवड खुल्या जागेवरच होते आणि राखीव जागा दुसऱ्यासाठी उरते, हे त्या स्नेह्यांना ठाऊक नव्हते. तिला तेवढे गुण पडले आणि ती खुल्या जागेवर गेली. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने तिला विचारले, ‘तुझा कट-ऑफ किती होता?’ आकडा ऐकूनही त्या मुलीचा विश्वास बसला नाही आणि तिने भ्रमणध्वनीवर यादी काढून पाहिली. त्या रात्री माझी मुलगी मला म्हणाली, ‘आई, मग मी दाखला जोडला काय आणि नाही जोडला काय.’

गुण कमी पडले असते तर आम्ही काय केले असते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आम्ही दाखला वापरला असता. ते बरोबर ठरले असते का, यावर आम्हा दोघांचे अजून एकमत नाही.

• धागाकर्ता: मंगळवार पेठेच्या ताईंना एक विचारायचे होते. दादा आता कसे आहेत?

• मंगळवार पेठ, शिक्षिका

दादा बरा आहे. अजून दहा वर्षे नोकरी आहे, गुडघे आत्ताच दुखतात. राहिलेली पदवी त्याने मुक्त विद्यापीठातून पूर्ण केली, पण तो त्याबद्दल कोणाला सांगत नाही. त्याचा मुलगा अकरावीत शास्त्र शाखेला आहे. मागच्या महिन्यात कोठीवर वारसांची नावे लिहून घेत होते. बाकीच्यांनी मुलांची नावे दिली. दादाने मुकादमाकडून कागद घेतला, खिशात ठेवला आणि घरी आणला. तो अजून आमच्या देव्हाऱ्याच्या जागी असलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीमागे कोराच आहे.