इसहाकाच्या आशीर्वादातलं दव: त्याचा पाऊस करू नका

शिवारवाचक
कालच्या एका लेखात सल्ला होता: बायबलातल्या उत्पत्ती २७:२८ मध्ये इसहाक आपल्या मुलाला, याकोबाला, आकाशाचं दव, भूमीचा कस, धान्य नि द्राक्षरस मिळो म्हणतो, तिथे मराठीत सरळ ‘पाऊस’ लिहावं, कारण आपल्याकडे दव म्हणजे घटकाभराचं. हे साफ चूक आहे. पावसाला हिब्रूत ‘मातार’ आणि ‘गेशेम’ आहेत. इथे ‘ताल’ आहे. कनानात, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या भागात, पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल. पुढे आभाळ कोरडं, आणि नेमकी तेव्हाच द्राक्षं, अंजिरं, डाळिंबं भरतात. समुद्राकडून दमट हवा येते, रात्र निरभ्र असली की पानं गार पडतात आणि दव धरतं. ढग आले किंवा वारा सुटला की धरत नाही.
आणि मराठी माणसाला दव कळत नाही? हरभऱ्यावर रात्री फडकं पसरून पहाटे दवात उतरलेली आंब पिळून घेतात ना? शास्ते ६:३८ मध्ये गिदोन लोकर पिळून वाटीभर दव काढतो, ते आपल्याला न समजावता कळतं.

कोरडवाहू
एका रात्रीचं दव मिलिमीटरच्या अंशात मोजतात. वेल जगते हिवाळ्यात खोल मुरलेल्या ओलीवर. दव फार तर सकाळी पानांतून उडणारं पाणी थोडा वेळ थोपवतं. शिवाय त्याच ओळीत ‘दागान’, म्हणजे धान्य आहे. सातू यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास कापणीला येतात, गहू त्यानंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या शावुओत सणापर्यंत. उन्हाळी दवाचा गव्हाला काय उपयोग? त्याला पहिला नि शेवटचा पाऊस हवा, ‘योरे’ आणि ‘मालकोश’, अनुवाद ११:१४ मध्ये आहेत ते. तुम्ही अलंकाराला शेतकी सल्ला करून टाकलाय.

शिवारवाचक
गव्हाचं मान्य. पण अलंकार असला तरी दवच का? तालमुद या यहुदी धर्मग्रंथात, तानित या भागात, दव कधी अडवलं जात नाही म्हणून प्रार्थनेत त्याचा उल्लेख सक्तीचा नाही, असं म्हटलंय. पाऊस अडतो. न मागता रोज येणारं ते दव, म्हणून बाप मुलाला ते देतो.

मूळाक्षर
अर्धंच सांगताय. १ राजे १७:१ मध्ये एलीया संदेष्टा दव आणि पाऊस दोन्ही बंद करतो. २ शमुवेल १:२१ मध्ये दावीद गिलबोवा इथल्या डोंगरांना दव न पडण्याचा शाप देतो. आणि होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात ६:४ मध्ये लोकांची माया पहाटेच उडणाऱ्या दवासारखी, तर १४व्या अध्यायात देव स्वतः इस्राएलला दवासारखा. कालच्या लेखकाची, दव क्षणभंगुर असल्याची, शंका मूळ ग्रंथातच आहे. तिच्यासाठी पाऊस घालणं मात्र चूकच, कारण मग होशेयाशी असलेलं नातं तुटतं.

बागाईत_निफाड
द्राक्षाला दव हा वर? पान रात्रभर ओलं राहिलं की डाऊनी हा बुरशीचा रोग, घड फुलोऱ्यात असतील तर माल गेलाच. हे लिहिणाऱ्यांनी बाग पाहिलीय का?

कोरडवाहू
डाऊनी अमेरिकेतून आली, फ्रान्समध्ये १८७८ साली सापडली. भुरी हा दुसरा बुरशीचा रोगही तिकडचाच, इंग्लंडात १८४५ साली. इसहाकाच्या काळातल्या वेलींना दोन्ही माहीत नव्हत्या.

बागाईत_निफाड
डाऊनी मागे घेतो. पण पिकत्या घडावर ओल राहिली की मणी तडकतो, कूज लागते. ती काय अमेरिकेतून आली? दव किती पडलं याला महत्त्व नाही, पान किती तास ओलं राहिलं ते बघा.

शिवारवाचक
तिथला उन्हाळा कोरडा, ऊन वर आलं की पान सुकतं. तुमचा हिशोब नाशिकच्या पावसाळी छाटणीचा आहे!

बागाईत_निफाड
मग ‘तिथे’ असं आधी लिहायचं. सगळीकडचं दव एक नव्हे.

मूळाक्षर
द्राक्षं पुरे, माझ्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही. २७:३९ मध्ये याकोबाच्या जुळ्या भावाला, एसावालाही, भूमीचा कस आणि दव आहे, फक्त क्रम उलटा, आणि धान्य-द्राक्षरस गायब. दोन्हीकडे तेच हिब्रू ‘मि’ अव्यय, त्याचा अर्थ ‘मधून’ही होतो, ‘पासून दूर’ही. १६११च्या इंग्रजी भाषांतरात एसावाला कस मिळतो. १९५२च्या भाषांतरात तो त्यापासून दूर राहतो. पुढच्याच ओळीत ‘तलवारीवर जगशील’ आहे, म्हणून मला दुसरं पटतं.

कोरडवाहू
राशी हा मध्ययुगीन यहुदी भाष्यकार पहिलंच मानतो, एसावाच्या वाट्याला सुपीक देश देतो.

मूळाक्षर
असेल. पण मराठीत दोन्ही अर्थ राखता येतात: ‘आकाशाच्या दवापासून’. त्यातून मिळणंही वाचता येतं, दुरावणंही. याकोबाच्या ओळीत पाऊस घातलात, तर एसावाच्याही ओळीत घालावा लागेल.

शिवारवाचक
‘पासून’ दोन्ही ठिकाणी ठेवतो. आशीर्वादाला तो जरा अडखळतो, तरी ठेवतो.