घरी बाईकचं कूलंट बदलताना आलेले अनुभव

घाटवाट

काल सकाळी पार्किंगमध्ये बसून माझ्या डॉमिनार बाईकचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, बदललं. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार होतं हे मला माहीत होतं. तरी रेडिएटरच्या, म्हणजे ते द्रव जिथे गार होतं त्या जाळीच्या, झाकणाला हात घालायच्या आधी माझा उलटा तळहात आपोआप रेडिएटरला लागला. पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतो ना, अगदी तसा. ही सवय आण्णांची. ते जाऊन आता सहा वर्षं झाली.

आण्णा ट्रकवर होते. लासलगावचा कांदा घेऊन वाशी मार्केटला जायचे. 1994 च्या मे महिन्यात सुट्टी होती म्हणून मीही सोबत गेलो. परतीला कसारा घाट चढताना गाडी तापली. आण्णांनी कडेला घेऊन चाकाला दगड लावला आणि ते मागची ताडपत्री बघायला गेले. तेवढ्यात आमच्या क्लीनरने घाईघाईत झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळलं ते थेट त्याच्या कोपरापर्यंत. तो आवाज आणि त्याच्या हाताची सुटलेली कातडी मी अजून विसरलेलो नाही. आण्णांनी कॅनमधलं सगळं पिण्याचं पाणी त्याच्या हातावर ओतलं. त्यानंतर गाडी तापली की हाताला ऊब लागायची थांबेपर्यंत ते झाकणाला शिवत नसत. घाट असो, रात्र असो, मालक खोळंबलेला असो.

काल ते सगळं परत डोळ्यासमोर आलं. तुम्ही कोणी घरी कूलंट बदलत असाल तर लिहा. काय चुकलं, काय जमलं, सगळं.

टाकीफुल

जुनं कूलंट काढायला जो बोल्ट सोडतो, त्याचं तांब्याचं वॉशर नवीन घातलं का? मी जुनंच परत लावलं होतं. संध्याकाळी सगळं कोरडं ठाक, सकाळी गाडीखाली ताटाएवढं थारोळं. ते वॉशर एकदा दाबलं गेलं की परत नीट बसत नाही. दहावीस रुपयांची वस्तू, पण एका लिटरची नवी बाटली वाया गेली.

घाटवाट

हो, नवीन घातलं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तसं.

वैदर्भीय

आमच्या नागपुरात मे महिन्यात 45 अंश म्हणजे रोजचंच. सिग्नलला उभं राहिलं की पंखा सुरू, आणि त्याची गरम हवा सरळ पायावर. दोन वर्षांपूर्वी कूलंटच्या बाजूच्या छोट्या टाकीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली. घरात कूलंट नव्हतं म्हणून बोअरचं पाणी टाकलं. एकदा नाही, तीनचारदा. मग काय, झाकण उघडून बघतो तर आत पांढरी खपली. आमच्या चहाच्या भांड्याला चढते तीच. रेडिएटरच्या नळ्या केवढ्याशा बारीक असतात! डिस्टिल्ड वॉटरने पाच वेळा धुतलं तेव्हा कुठे स्वच्छ पाणी यायला लागलं.

बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळते भाऊ, स्वस्तात मिळते. एक कॅन घरी ठेवाच.

ताकभात

आरओचं पाणी चालेल ना? घरातच आहे.

वैदर्भीय

नको. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार राहतात, बऱ्याच मशिनी तर चवीसाठी मुद्दाम ठेवतात. त्यापेक्षा पाणी मिसळून तयार मिळतं ते कूलंट घ्या. सरळ ओतायचं.

मधली आळी

मी गाडी चालवत नाही, माझा भाऊ चालवतो. पण हा विषय बघितला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमची मनी. रत्नागिरीला घरी भावाने पडवीत कूलंट काढलं आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात तसंच ठेवून तो जेवायला आत आला. अर्धा तास, फार तर. मनीने त्यातलं चाटलं असं आम्हाला कळलंच नाही. रात्री ती दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खायला लागली. आम्हाला वाटलं काहीतरी चावलं. सकाळी जरा बरी वाटली म्हणून आम्ही निर्धास्त झालो, आणि तिथेच चुकलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात कोणी गाडीचं काम केलं का?

कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं आणि मांजरांना अगदी थोडंसंही पुरतं. पहिल्या काही तासांत उपचार मिळाले तरच आशा. डब्याला झाकण लावा हो. फरशीवर सांडलेलंही लगेच पुसून पाण्याने धुवा. लहान मुलं असतील तर आणखी जपा.

घाटवाट

ताई, वाचून पोटात गोळा आला. काल माझं घमेलं तासभर उघडंच होतं आणि खाली सोसायटीची तीन कुत्री असतात. हे मला माहीत नव्हतं.

टाकीफुल

आमच्याकडे दोन बोके आहेत. आत्ता उठून बाटली वरच्या फळीवर ठेवून आलो.

रानजाई

मधली आळी, मनीला जाऊन किती दिवस झाले? आमचीही गेल्या वर्षी गेली, वेगळ्या कारणाने. अजून रात्री दार लावताना तिला हाक मारायला तोंड उघडतं.

मधली आळी

येत्या गणपतीत दोन वर्षं होतील. भाऊ अजून तो विषय काढू देत नाही. त्याने त्यानंतर गाडीचं काम घरी केलेलं नाही.

चौथा गिअर

माझी बाईक ड्यूक. नवीन कूलंट भरलं, झाकण लावलं, चक्कर मारायला निघालो. दोन किलोमीटरवर तापमानाच्या पट्ट्या वर वर जायला लागल्या. बंद केली आणि ढकलत आणली. आत हवा अडकली होती. कूलंट भरपूर होतं, पण हवेच्या बुडबुड्यामुळे ते फिरतच नव्हतं.

आता असं करतो. गार इंजिनमध्ये हळूहळू ओतायचं, धार अगदी बारीक. मग झाकण उघडं ठेवूनच गाडी सुरू करायची, रबरी पाइप हाताने दाबत राहायचं, गाडी डावीउजवीकडे जराशी कलवायची. बुडबुडे यायला लागतात आणि पातळी भसकन खाली जाते. तेवढं परत भरायचं. बुडबुडे थांबले की झाकण. हे सगळं सुरुवातीच्या तीनचार मिनिटांत, इंजिन कोमट असेपर्यंतच. घाटवाट यांनी क्लीनरचं लिहिलंय ते लक्षात ठेवून.

सातवा मैल

बोल्ट आवळताना जपा!! तो बोल्ट कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या झाकणात बसतो आणि ते झाकण ॲल्युमिनियमचं असतं. मला वाटलं गळायला नको, म्हणून लांब पान्याने दिला ताण. आटे गेले. लेथवाल्याकडे नेऊन आट्यांत नवीन स्प्रिंग बसवून घेतली, तेव्हा गाडी उभी राहिली. आठ दिवस बसने ऑफिस.

ताकभात

कुठला रूट? हिंजवडी असेल तर माझी सहानुभूती आहे.

सातवा मैल

हिंजवडीच. उभ्याने, दोन्ही वेळेला.

बुलेटवाले काका

माझ्या जुन्या बुलेटला कूलंटच नाही, हवेवर गार होते. तरी सगळे अनुभव वाचतोय. कसाऱ्याचं वाचून आमचे दिवस आठवले. तेव्हा घाटात ट्रकवाले एकमेकांसाठी थांबायचे, पाण्याचा कॅन द्यायचे. चिखलातून आलात तर इंजिनच्या पंखांमधला चिखल ब्रशने काढा, एवढंच आमच्या गाडीचं काम. नवीन हिमालयन बाईक मात्र पाण्यावर गार होणारी आहे. पुतण्याने घेतली आहे, त्याला हे वाचायला पाठवतो.

सरचू ते पांग

2019 चा जून, मनालीहून लेहला निघालो होतो. दगड उडून रेडिएटरचा पाइप कापला. टेप गुंडाळून ओढ्याचं पाणी भरलं. सरचूला मुक्काम, 4000 मीटरच्या वर, आणि रात्री पाणी गोठतं. शेजारच्या तंबूत एक मिलिटरीतून निवृत्त झालेले मेकॅनिक होते. त्यांनी विचारलं, आत काय भरलंय? पाणी म्हटल्यावर म्हणाले, आत्ताच्या आत्ता काढ. पाणी गोठताना फुगतं, इंजिनलाच तडा जाईल. टॉर्च दातात धरून सगळं काढलं. बोटं बधिर झालेली, बोल्ट दोनदा वाळूत पडला. सकाळी त्यांनीच स्वतःकडचं कूलंट दिलं. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर असेल तर उणे 35 पर्यंत गोठत नाही. कूलंट फक्त गरमीसाठी असतं असं तोवर मी समजत होतो. त्या काकांचा पत्ता घ्यायचा राहून गेला.

टाकीफुल

रंगाचं कोणी सांगेल का? माझ्या गाडीत हिरवं आहे, दुकानात गुलाबी मिळतंय.

चौथा गिअर

रंगावर जाऊ नका, रंग कंपनी ठरवते. पुस्तकात कुठल्या प्रकारचं लिहिलंय ते बघा. वेगळ्या प्रकारची दोन एकत्र झाली तर गाळ धरतो. बदलायचंच असेल तर आधी पूर्ण धुवा.

मुळशीकर नाही

माझं जरा वेगळं आहे. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून कूलंटचे थेंब यायचे. एका गॅरेजवाल्याने त्या भोकात एमसील भरून दिलं आणि म्हणाला, झालं काम. अहो, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की कळावं म्हणून! दोन आठवड्यांनी ऑइलच्या काचेतून बघितलं तर ऑइल दुधाळ चहासारखं. कूलंट आत ऑइलमध्ये मिसळलं होतं. पुढचा खर्च लिहीत नाही, परत त्रास होतो. तिथून थेंब दिसले तर भोक बुजवू नका, सील बदला.

रानजाई

मग जुनं कूलंट टाकायचं कुठे? आमचे हे गटारात ओततात.

श्वार्झवाल्ड मराठी

इथे जर्मनीत ते घातक कचऱ्यात जमा करावं लागतं, नगरपालिका वेगळं गोळा करते. साताऱ्याला घरी असताना मीही गटारातच ओतायचो, खोटं कशाला सांगू. गटाराचं पाणी शेवटी ओढ्यालाच जातं.

घाटवाट

माझं जुनं कूलंट नव्या कूलंटच्या रिकाम्या बाटलीत भरून, वर "विष" लिहून ठेवलंय. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला जुनं ऑइल साठवतो, तो कूलंटही वेगळ्या कॅनमध्ये घेतो म्हणाला. आज देऊन येतो. मनीचं वाचल्यावर घरात ठेववत नाही.

चौथा गिअर

घाटवाट, आज सकाळी गार इंजिनवर टाकीतली पातळी बघितलीत का? पहिल्या चकरेनंतर थोडी उतरते.

घाटवाट

बघितली, बोटभर उतरली होती. भरली. आधी हात लावून बघितला.